शिवरातीचा शब्द

मधल्या सुट्टीत मनीषानं डबा उघडला, तर मेथीच्या भाजीशेजारी स्टीलच्या छोट्या वाटीत डिंकाचा लाडू होता. एकच, मोठा, वर खारकेची पूड चिकटलेला. शेजारच्या खुर्चीवर रिदा मॅडम वह्या बाजूला सारत होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि हसल्या. "काय मनीषा मॅडम, घरी कोण बाळंत झालं?" "कोणी नाही," मनीषा म्हणाली आणि तिनं झाकण लावून टाकलं. घरात बाळंत होण्यासारखं कोणी नव्हतंच. मोठी जाऊ पन्नाशीला आलेली, मनीषा स्वतः पंचेचाळिशीकडे झुकलेली, एकुलती एक लेक तृप्ती पुण्यात वसतिगृहात. डिंकाचे लाडू थंडीतही करतात, हे खरं. पण थंडी ओसरली होती, देवळाली कॅम्पातल्या या शाळेच्या पत्र्यावर ऊन तापायला लागलं होतं, आणि सासूबाईंनी गेल्या कित्येक वर्षांत डिंकाला हात लावला नव्हता. गुडघे धरतात म्हणून त्या शेगडीपुढे उभ्याही राहत नसत. आज मात्र त्या मनीषाच्या आधी उठल्या होत्या. "राहू दे, मी भरते," म्हणून त्यांनी तिच्या हातातून डबा काढून घेतला होता, तिच्याकडे न बघता. मनीषानं झाकण पुन्हा उघडलं. तुपाचा, जायफळाचा वास आला. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी तिला वाटलं, यात काय घातलंय?

असं मनात येणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण शिवरात झाल्यापासून घरात काहीतरी बदललं होतं, आणि ते तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. लग्न होऊन मखमलाबादच्या त्या मळ्यात आल्यापासून तिनं सासूबाईंचा आवाज ऐकला होता तो हुकमाचा. घरात चहा आधी मुलांना, मग पाव्हण्यांना, मग सुनांना. आता पहिला कप तिच्यापुढे येत होता. ती शाळेतून आली की म्हातारी उठून पाण्याचा तांब्या आणत होती, आणि तो घेताना मनीषाच्या बोटांना त्यांची बोटं लागली की जरा जास्तच वेळ तिथं राहत होती. उज्वलाताई, मोठी जाऊ, जिच्या तोंडाला दिवसभर खळ नसायचा, ती मनीषा स्वयंपाकघरात आली की काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर जायची. आणि त्र्यंबक, तिचा नवरा, अंबडच्या कंपनीतून येऊन जेवायला बसला की ताटात बघायचा. ती बोलली तर लगेच हो म्हणायचा. इतक्या लगेच हो म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे तिला वर्गातल्या पोरांवरून पक्कं ठाऊक होतं. एक दोनदा तिनं दाराबाहेरून ऐकलं होतं की आतलं बोलणं तिच्या पावलांच्या आवाजानं तुटतंय. तुटलेल्या बोलण्याची एक शांतता असते. ती साध्या शांततेसारखी नसते.

लाडू तिनं खाल्ला नाही. कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि पुढच्या तासाला नववीच्या पोरांना आम्ल आणि आम्लारी शिकवताना ती शिवरातीच्या दुपारभोवती फिरत राहिली. घरातली चाल सासऱ्यांपासूनची. एका सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला आलेला कुणी साधू आपल्या माणसांसह मळ्यात उतरला होता आणि जाताना सासऱ्यांना भांगेचा घोटा करायला शिकवून गेला होता. ही नशा नाही, ही विजया, महादेवाला आवडते म्हणून आपण घ्यायची, देवाच्या आधी थेंबही घ्यायचा नाही, असं त्यानं सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून महाशिवरात्रीला मळ्यातल्या महादेवापुढे पाट्यावर भांगेची पानं वाटली जात; बदाम, बडीशेप, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या; फडक्यातून गाळून दुधात. आधी पिंडीवर, मग माणसांना. आणि त्याला जोडून घरातला एक नेम: शिवरातीला प्रसाद घेऊन जे बोललं ते महादेवानं ऐकलेलं. ते परत घ्यायचं नाही. सासरे गेल्यावर बहिरूभाऊजींनी, थोरल्या दिरांनी, ते तसंच चालवलं. बायका-पोरांसाठी दुसऱ्या पातेल्यात साधी थंडाई असायची. मनीषा दरवर्षी तीच घ्यायची. तिचे वडील कॅम्पात तोफखान्यातले हवालदार. त्यांच्या घरात सुपारीसुद्धा चालत नसे. प्रसादाला नाही म्हणायचं नाही म्हणून ती भांगेचा एक थेंब जिभेवर लावायची आणि ओठ पुसायची.

यंदा उज्वलाताईनं पेला आणून दिला. "घे, साधीच हाय," म्हणाली. मनीषाचा उपास होता, सकाळपासून झेंडूच्या माळा करून बोटं हिरवी-पिवळी झालेली, घसा कोरडा. तिनं पेला एका दमात रिकामा केला. गोड होतं, आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मुळाशी, पानांचा एक हिरवा कडूपणा. तेव्हा तिला वाटलं, बोटांचा असेल. त्यानंतरचं सलग काही नव्हतं. अभिषेकाच्या भांड्यातून पिंडीवर पडणारा पाण्याचा थेंब होता, आणि दोन थेंबांमध्ये इतकी मोठी जागा होती की तीत एक माणूस आडवा झोपू शकला असता. ती त्या जागेत वाट बघत बसली होती. हात होते, पण ते कुठंतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या हाताच्या टोकाला असावेत तसे. कुणीतरी हसत होतं. मग कुणी हसत नव्हतं. कुणीतरी रडत होतं आणि ते रडणं तिला फार सुंदर वाटलं होतं, हे आठवून आता तिला लाज वाटायची. आणि तळहाताखाली काहीतरी उबदार, तेलकट, केसांचं. गोठ्यातलं वासरू असावं. तिनं त्याला थोपटलं होतं. मनात कुणाबद्दल काही म्हणजे काही उरलं नव्हतं, आणि असं आयुष्यात कधीच वाटलं नव्हतं. संध्याकाळी जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि कपाळाला कुणीतरी भस्म लावलं होतं.

म्हणजे मी काहीतरी बोलले, असं तिनं ठरवून टाकलं होतं. परतीच्या सिटीलिंक बसमध्ये खिडकीपाशी बसून ती स्वतःची झडती घेत होती. भांग माणसात नसलेलं काही आणून ठेवत नाही. असलेलं वर आणते. मग माझ्यात काय होतं? सासूबाईंच्या लुगड्याला येणारा तपकिरीचा वास मला सहन होत नाही, हे बोलले असेन? कॅम्पात एक भाड्याचं घर मी गुपचूप बघून आले होते, दोन खोल्या, पुढे चिंचेचं झाड, आणि तिथं मी एकटीच राहीन असं मनात रंगवलं होतं, ते बोलले? पण तसलं काही बोलले असते तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला असता का? तोंड फिरवलं असतं. दुखावलेलं माणूस गोड होत नाही. गोड होतं ते घाबरलेलं माणूस. हे तिला नाशिकरोडच्या सिग्नलला सुचलं. ते मला घाबरलेत. का? आणि पेला? साधीच हाय, असं उज्वलाताई का म्हणाली? तिनं पातेली ओळखली नाहीत? ती तर स्वतः दूध आटवत बसली होती.

मळ्यात पोचली तेव्हा उज्वलाताई शेडमध्ये एकटीच गुलाबाच्या जुड्या बांधत होती. बहिरूभाऊजी टेम्पो घेऊन बाजाराला गेलेले. मनीषा चप्पल न काढता तिच्यासमोर पोत्यावर बसली.

"ताई, शिवरातीला मी काय बोलले?"

"तू काय बोलणार? तू तर गपच होतीस." उज्वलाताईनं वर पाहिलं नाही. सुतळीला गाठ मारली, परत सोडली, परत मारली.

"काहीच नाही?"

"येवढंच म्हणालीस. असू द्या आई, झालं ते झालं. आन् त्यांच्या डोक्यावर हात ठेवलास. लय वेळ ठेवलास. आम्ही समदे रडलो त्या टायमाला."

"कशाला म्हणाले मी तसं?"

आता उज्वलाताईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू तिथं भीती भरत गेली.

"मनीषा, तुला आठवत नाय?"

"नाही."

"आईंनी सांगितलं ते बी?"

"काय सांगितलं?"

उज्वलाताई उठली. मांडीवरचे गुलाब खाली सांडले, त्यातल्या एका जुडीवर तिचा पाय पडला. "मी नाय सांगणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडून नको. तू त्यांनाच इचार." आणि पदर तोंडाशी धरून ती घराकडे जवळजवळ पळालीच. मनीषा तिथंच बसून राहिली. तळहात उलटा करून तिनं त्याच्याकडे पाहिलं. वासरू नव्हतं म्हणजे. म्हातारीचं डोकं होतं ते. या हातानं कशाची तरी माफी दिली होती, आणि कशाची, ते हाताला माहीत नव्हतं.

आता तिचं मन कालच्या नव्हे, पर्समधल्या त्या लाडवावरून आपोआप फार जुन्या लाडवांकडे सरकलं. तृप्ती लहान असताना मनीषाला पुन्हा दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात, अंगणात धुणं वाळत घालताना, पोटात कळ आली आणि सगळं वाहून गेलं. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, असं होतं कधीकधी, तुमचं काही चुकलेलं नाही. आणि त्यानंतरचे ते दिवस. सासूबाईंनी तिला पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. तिच्या पायांना त्या स्वतः तेल लावत. डिंकाचे लाडू करत, भरवत, आणि ती रडली की तिचं डोकं मांडीवर घेऊन न बोलता बसत. तिची स्वतःची आई तेव्हा आजारी होती, येऊ शकली नव्हती. या घरात मला एकदा आई मिळाली होती, असं मनीषा पुढे कितीतरी वर्षं म्हणत आली होती. म्हातारीच्या हुकमांचा वैताग आला की ती त्या दिवसांकडे परत जायची आणि गप्प व्हायची. तिच्या संसाराची सगळी गणितं त्या एका उबदार मांडीवर बेतलेली होती. आता शेडमधल्या सांडलेल्या गुलाबांसमोर तिला ती मांडी आठवली आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, इतकी माया कशाबद्दल होती?

हा विचार तिनं ढकलला. तो गेला नाही. भाकरी थापताना तो होता, आणि त्र्यंबक कामावरून आल्यावर मोरीपाशी हातपाय धूत असताना ती टॉवेल घेऊन उभी राहिली तेव्हाही होता.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं. काय माहीत होतं, ते तिनं सांगितलं नाही. तिच्याजवळ सांगायला काही नव्हतंच.

पाणी तसंच वाहत राहिलं. "देवाशपथ नाही," त्र्यंबक म्हणाला. "मला बी त्याच दिवशी कळलं. आई समद्यांपुढे बोलली तवाच. दादाला, वहिनीला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तर उठून चाललो होतो. पण तूच तिच्या डोक्यावर हात ठेवलास. मला वाटलं, हिचं मन येवढं मोठं, मग मी कोण बोलणार?"

"ते माझं मन नव्हतं. ती भांग होती."

त्यानं नळ बंद केला. तिच्याकडे नीट बघितलं, आणि उज्वलाताईच्या चेहऱ्यावर आलं होतं तेच त्याच्याही चेहऱ्यावर आलं. "मनीषा. तू ऐकलंच नाहीस?"

"तुम्ही सांगा."

"नको," तो म्हणाला. "मिटलंय ते. शिवरातीचा शब्द हाय. आता उकरून काय मिळणार?" त्यानं तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि तोंड त्यात खुपसलं. तो किती वेळ तोंड पुसत राहील याची वाट बघत ती उभी राहिली, आणि तिला कळलं की हा माणूस ती जाईपर्यंत टॉवेल काढणार नाही. त्याला ते मिटायला हवं होतं. सगळ्यांना हवं होतं. घरातल्या प्रत्येकानं तिच्या त्या थोपटण्यावर आपापलं ओझं ठेवलं होतं आणि मोकळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत निरोप दिला, येत नाही म्हणून. उन्हं वर आल्यावर ती मळ्यातल्या महादेवाकडे गेली. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. नवसाबाई, तिच्या सासूबाई, पायरीवर बसून परडीतली बेलाची पानं निवडत होत्या. किडकं पान बाजूला, चांगलं पान मांडीवर. मनीषाला बघून त्या सरकल्या, बसायला जागा केली. मनीषा समोर जमिनीवर बसली.

"मला तो पेला द्यायला ताईला कुणी सांगितलं?"

म्हातारीचा हात पानावर थांबला. नाही म्हणेल, मनीषाला वाटलं. काहीतरी गोड सांगेल.

"मी," नवसाबाई म्हणाल्या. "तिला ठाऊक नव्हतं कशासाठी. मी म्हनले, तिला बी परसाद घेऊ दे एकदा, थकलीय. साधीच हाय म्हनून दे."

"आणि तुम्ही?"

"मी बी प्याले. तेबिगर तोंड उघडलं नसतं माझं."

"तुम्ही प्यालात ते बोलायला. मला पाजलंत ते कशाला?"

बाहेर वाफ्यात पाण्याचा पाइप सुटला होता आणि पाणी नुसतंच मातीत जात होतं. नवसाबाईंनी तिकडे बघितलं, परत परडीत बघितलं. त्यांचा खालचा ओठ आत गेला होता, दात नसलेल्या माणसाचा जातो तसा.

"तू हो म्हनावंस म्हनून," त्या म्हणाल्या.

मनीषाला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. उलट, इतक्या दिवसांनी कुणीतरी खरं बोललं, या जाणिवेनं तिचे खांदे खाली आले. खरं असं दिसतं तर. लहान आणि कुरूप.

"आता सांगा," ती म्हणाली. "मी शुद्धीवर आहे."

"मनीषा..."

"मला सगळं तुमच्या तोंडून ऐकायचंय. तेव्हा जसं सांगितलंत तसं."

नवसाबाईंनी सांगितलं. मध्ये थांबत, पानांशी चाळा करत, पण सांगितलं. तृप्तीच्या वेळी सासऱ्यांनी बारसंही धड होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला एका सुईणीनं मनीषाचं पोट बघून सांगितलं, ही बी पोरगीच. तिच्याकडूनच मुळ्या आणल्या. काढा करून दिला, पोटातल्या बाळाला बळ येतं म्हणून. सासऱ्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी मागितलं नव्हतं, त्यांच्या तोंडाकडे बघून आपणच केलं. "वाटलं, येक पाळी आल्यासारखं व्हईल. येवढं रगत जाईल असं वाटलं नव्हतं. तू मरतीस का काय, असं झालं मला." मग त्या म्हणाल्या, "तुझे पाय दाबायची ना, तवा रोज वाटायचं, आता सांगावं. पन तू मला आई म्हनायला लागली व्हतीस."

मनीषाला काढा आठवला. लख्ख आठवला. पितळी वाटी, काळसर, वरून गुळाचा खडा. नाक धरून पी, असं म्हणत म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. ती हसली होती. कडू म्हणून तोंड वेडंवाकडं केलं होतं आणि दोघीही हसल्या होत्या. त्या हसण्याला आता कुठं ठेवायचं, ते तिला कळेना. पोटात, जिथं त्या वेळी कळ आली होती तिथं, काहीच होत नव्हतं. फक्त कानात एक बारीक आवाज, शिट्टीसारखा, चढत चालला होता.

"दोन्ही वेळा मी तुमच्या हातून प्याले," ती म्हणाली. "तेव्हाही विचारलं नाही काय आहे, आणि आताही नाही."

म्हातारीनं एक किडकं पान उचललं आणि परत तिथंच ठेवलं.

"मुलगीच होती?"

"सुईण म्हनली."

"दवाखान्यात काय सांगितलं?"

"इचारलं नाय. धीर झाला नाय."

मनीषा उठली. खांबाला हात लावून उभी राहिली. तिला वाटलं, ओरडावं. घरातून सगळ्यांना बोलवावं, त्र्यंबकला त्याच्या टॉवेलसकट. पण आवाज आला तो वर्गात फळ्यावरचं चुकलेलं पुसताना येतो तसा, कोरडा. "मी तो शब्द परत घेते."

"असं घेता येत नाय, पोरी. महादेवाच्या पुढं..."

"घेतला. त्यालाही ऐकू दे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन का, माहीत नाही. पण केलेलं नाही."

तिनं वाट बघितली, म्हातारी रडेल, पाय धरेल, छाती बडवून घेईल. नवसाबाईंनी मांडीवरची पानं एकेक करून परडीत ठेवली. मग त्यांनी एक श्वास सोडला, लांब, आणि त्यांचं सबंध अंग त्याबरोबर सैल पडलं, ताठ बांधलेल्या जुडीची सुतळी सुटावी तसं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला बी तो खोटाच वाटत व्हता. तू हात ठेवलास आन् मला वाटलं, सुटले. पन त्या दिसापासून डोळ्याला डोळा नाय. तू हसलीस तरी वाटायचं, हिला ठाऊक हाय का नाय? तांब्या देताना हात लावून बघायची, तू हात मागं घेतीस का. लाडू बी त्येच्यासाठीच केला. खाल्लास तर समजनार व्हते, की तू मनापासून हात ठेवलास."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतके दिवस ही बाई आपल्यावर पाळत ठेवून होती, आपण हिच्यावर. एकाच घरात, एकाच गोष्टीसाठी. मनीषानं खांब सोडला आणि ती पायरीवर बसली, नवसाबाईंच्याच पायरीवर, पण दुसऱ्या टोकाला. आणि मग तिला रडू आलं. आवाजाचं, नाक गळणारं, कशासाठी ते स्वच्छ माहीत असलेलं. नवसाबाईंचा हात उचलला गेला, तिच्या पाठीच्या दिशेनं निघाला, आणि मध्येच थांबला. क्षणभर तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात घट्ट दाबून धरला. मनीषानं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि तोंड न फिरवता ती रडत राहिली.